मैद्यातला शिक्का

उत्तरेच्या कचेरीतून आलेला कागद ओझमेंट काउंटीत कुणीही आधी झटकतो आणि मग वाचतो. लग्नाचा परवाना असो, जमिनीचा व्यवहार असो, की कुणाच्या डुकराने कुणाचा मका खाल्ला त्याचा निवाडा असो, तळाशी उठलेल्या शिक्क्याच्या खळग्यांत थोडा मैदा असतोच. काळा कोट घालून उभा राहिलेला नवरदेव खिशातून परवाना काढतो आणि छातीवर पांढरं सांडून घेतो. मग दक्षिणेकडचे पाहुणे एकमेकांना कोपर मारतात, "बघ, उत्तरेचा माल."

हा मैदा डॉयल स्टॉलकपच्या स्वयंपाकघरातला. डॉयल उत्तरेच्या कचेरीचा बेलीफ. जज आत आले की "उठा" म्हणायचं, जज गेले की खिडक्या लावायच्या, आणि मधल्या वेळात दक्षिणेकडच्या माणसांवर नजर ठेवायची. पगार पहिल्या दोन कामांचा होता. जीव तिसऱ्यात होता.

काउंटी म्हणजे मधोमध फाडलेली भाकरी. स्पूनर नदीने ती फाडली. वरचा तुकडा डोंगराळ, दगडांचा, लाल मातीचा. तो मिझुरीच्या हद्दीला इतका खेटलेला, की शेवटच्या घराचं स्वयंपाकघर आर्कान्सॉत आणि खुराडं मिझुरीत, म्हणजे सकाळचं अंडं रोज परराज्यातून येतं. खालचा तुकडा ताटासारखा सपाट. काळी, चिकट, बुटाला धरून ठेवणारी माती, भात आणि कापूस. पूर्वी वसंतात नदी फुगली की दोन्ही तुकडे महिना महिना एकमेकांना तोंड दाखवत नसत. म्हणून राज्याने कधीकाळी कंटाळून दोन कचेऱ्या दिल्या. वर मार्लोला एक, खाली डेल्फॉसला एक. जज एकच. ते वसंतात वर बसत आणि शरदात खाली. काउंटी जज म्हणून आणखी एक इसम असतो, पण तो नावापुरता जज. तो रस्त्यांचे खड्डे बघतो आणि ते बुजवत नाही. बाकी कारभार पंचांच्या सभेकडे. निम्मे पंच वरचे, निम्मे खालचे, आणि एक कुठलाच नाही, म्हणजे तो नदीकाठी राहतो आणि ज्या बाजूला चिखल कमी त्या बाजूने मत देतो.

मग पूल झाला. पूल झाल्यावर प्रेम वाढेल असं ज्यांना वाटलं त्यांनी ही काउंटी पाहिलेली नव्हती. आधी भांडायला होडी लागत असे, आता रस्ता मिळाला.

शिक्क्याची गोष्ट पुलाच्याही आधीची. एका रविवारी सगळं मार्लो चर्चमध्ये प्रार्थना करत असताना दक्षिणेकडचे लोक तराफा घेऊन आले आणि उत्तरेची कचेरी उचलून घेऊन गेले. इमारत नाही, ती दगडी होती. कपाटं नेली, शिक्का नेला आणि जजची खुर्ची नेली. पुढच्या रविवारी डेल्फॉस प्रार्थनेला बसलं आणि उत्तरेचे लोक सगळं परत घेऊन आले. खुर्ची तेवढी राहिली. ती अजून खालीच आहे. त्या दिवसापासून मार्लोत दोन चाली पडल्या. प्रार्थनेच्या वेळी एक माणूस चर्चच्या पायरीवर उलटा बसतो, नदीकडे तोंड करून. आणि शिक्का कचेरीत मुक्कामाला राहत नाही. कायद्याने तो कारकुनाच्या ताब्यात असायला हवा, पण कारकून निवडून येतो, आणि निवडणुकीत दक्षिणेकडच्या आतेबहिणीचा नवरासुद्धा निवडून येऊ शकतो. म्हणून शिक्का बेलीफच्या घरी, मैद्याच्या डब्यात. सांडशीसारखा तोंड मिटणारा, ओतीव लोखंडाचा, हातात धरला तर मनगट बोलतं असा. डबा का, तर पहिल्या बेलीफच्या बायकोला तीच जागा सुचली म्हणून. ती जागा आता दोन्ही काठांवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण चाल ती चाल.

डॉयलचा सासराही बेलीफ होता. लोक चेष्टेने म्हणत, डॉयलने ओनीटाशी लग्न केलं ते शिक्क्यासकट. सासऱ्याने मरताना जावयाला जवळ बोलावलं, सगळ्यांना वाटलं मुलीला सांभाळ म्हणतोय. तो म्हणाला, "डबा कोरडा ठेव."

डॉयलने डबा कोरडा ठेवला आणि डोळे उघडे ठेवले. चर्चच्या जेवणावळीत दक्षिणेकडून रताळ्याचं सारण भरलेली गोड पाय आली तर तो पहिला तुकडा शेरीफला देई आणि शेरीफचा घास उतरेपर्यंत वाट बघे. शेरीफला वाटे, काय आदर आहे. मागच्या शरदात एक परका माणूस कचेरीच्या पायऱ्यांना टेप लावताना दिसला, तर डॉयल त्याच्या मागे मिझुरीच्या हद्दीपर्यंत गेला. तो लोखंडी कठडे विकणारा निघाला.

"निघाला असं तो म्हणतो," डॉयल म्हणाला.

यंदा मात्र संशयाला खरंच खाद्य मिळालं. डेल्फॉसचा पंच क्लेटस ब्रॅनम, कापसाच्या गिरणीवाला, भाषण करण्याआधी पॅन्ट दोनदा वर ओढणारा, त्याने सभेपुढे ठराव आणला. पूल आहे, गाड्या आहेत, मग दोन कचेऱ्या कशाला? उत्तरेची कचेरी स्वतःच्या पायावर उभी आहे हे तिने दाखवावं. वसंतातलं कोर्ट भरवायचं तर ज्यूरीचं बोलावणं उत्तरेच्या शिक्क्यानिशी, वेळेवर, मार्चच्या दुसऱ्या सोमवारी सभेपुढे यावं. नाही आलं, तर कुलूप.

"एवढंच ना?" उत्तरेचे पंच हसले. "शिक्का तर आमच्याकडेच आहे."

"असेल तर काळजी कसली?" ब्रॅनमही हसला.

ते हसणं डॉयलला लागलं. चार दिवस तो त्या हसण्याला उलटंपालटं करून बघत होता, बाजारात कलिंगड बघावं तसं.

मंगळवार कागदांवर शिक्के मारायचा दिवस. सभेच्या आधीच्या मंगळवारी सकाळी तो शिक्का काढायला स्वयंपाकघरात गेला. डब्याचं झाकण उघडलं, हात घातला. मनगटापर्यंत मैदा. कोपरापर्यंत मैदा. त्याने तळ चाचपला, कडा चाचपल्या, पुन्हा तळ चाचपला. लोखंड नव्हतं.

ओनीटा चुलीपाशी पाठमोरी उभी होती. "काय शोधतोस?"

"काही नाही."

"कोपरापर्यंत काही नाही?"

"मैदा कोरडा आहे का बघत होतो."

"मग आहे का?"

"आहे," डॉयल म्हणाला आणि पांढरा हात घेऊन बाहेर पडला. तिला कसं सांगायचं? तिच्या पणजोबापासूनची चीज. सांगितलं तर ती तिथेच बसेल आणि उठणार नाही, असं त्याला वाटलं. आधी चोर धरू, शिक्का डब्यात ठेवू, मग कधीतरी नातवंडांना गंमत म्हणून सांगू.

कचेरीत काउंटीची कारकून वानेल कागद मांडून बसली होती. चष्मा साखळीने गळ्यात, आवाज शाळेतल्या बाईंचा. "डॉयल, शिक्का?"

"तेल घालतोय त्याला. बिजागरी कुरकुरते."

"मी निवडून आले तेव्हापासून कुरकुरते."

"म्हणूनच तर. शुक्रवारी आणतो."

वानेलने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या बाहीकडे. "कोपराला मैदा लागलाय तुझ्या."

"लागणारच," डॉयल म्हणाला.

दोन दिवस त्याने मार्लो पिंजून काढलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पावलं शोधली, तर एक जोडी सापडली. ती त्याचीच होती, कारण शोधताना तो तिथेच उभा होता. गॅसच्या टाक्या बदलणाऱ्या माणसाला गाठून त्याची आजी कुठली होती ते विचारलं. नव्या पाद्रीबुवांना विचारलं, "रविवारी प्रार्थनेत डोळे मिटता तुम्ही?"

"मिटतो ना."

"का?"

पाद्रीबुवांनी बायबल काखेत घेतलं आणि वाट धरली. डॉयलने ते मनात लिहून ठेवलं.

पण मनाच्या तळाशी एकच नाव होतं, आणि ते घ्यायला जीभ धजत नव्हती. हर्शेल टेबोर. डेल्फॉसच्या कचेरीचा बेलीफ. काउंटीत शिक्क्याची किंमत समजणारा दुसरा माणूस तोच. उत्तरेची कचेरी मिटली तर दोन्ही ऋतूंची कोर्टं त्याच्या हाताखाली येणार, तेही खरं. आणि डब्याबद्दल हर्शेलला जेवढं ठाऊक होतं तेवढं दक्षिणेत कुणालाच नव्हतं, कारण ते डॉयलनेच त्याला सांगितलं होतं.

कारण दर गुरुवारी संध्याकाळी, ओनीटाला "कचेरीवर पहाऱ्याला जातो" असं सांगून, डॉयल स्टॉलकप पुलावरून डेल्फॉसला डॉमिनो खेळायला जात होता.

सुरुवात पाळत म्हणूनच झाली. खालच्या कचेरीच्या मागच्या खोलीत काय चालतं ते बघायला तो एकदा खिडकीशी गेला, तर आतून हर्शेल म्हणाला, "आत ये, बाहेर डास आहेत." आत ती खुर्ची होती. चोरलेली. उंच पाठीची, अक्रोडाच्या लाकडाची. हर्शेलने तिच्यावरचा आपला कोट उचलला आणि म्हणाला, "बस. तुमचीच आहे." उत्तरेत जन्मलेला एकही जिवंत माणूस त्या खुर्चीवर बसलेला नव्हता. डॉयल बसला. मग पुढच्या गुरुवारीही बसला. दोघांचं ठरलेलं होतं, कुणाला कळता कामा नये. डॉयल गाडी मागच्या गल्लीत लावे, आणि तो गेल्यावर हर्शेल तिथे पडलेली लाल माती खराट्याने झाडून टाकी, कारण डेल्फॉसच्या गल्लीत लाल माती दिसली की लोक विचारायला लागतात, वरून कोण आलं होतं.

त्या गुरुवारी डॉयल आत आला, पण बसला नाही.

"काय रे?" हर्शेल सोंगट्या उपड्या करत म्हणाला. जाड, सावकाश माणूस, विजार दोन पट्ट्यांनी खांद्यावर तोललेली. "मूळव्याध?"

"हर्शेल, शिक्का कुठाय?"

"कुठला शिक्का?"

"उगाच साळसूदपणा करू नकोस. डब्यात नाहीये."

हर्शेलचा हात सोंगट्यांवर थांबला. "आणि तो मी घेतला असं तुला वाटतं."

"वाटतं म्हणजे... तुला जागा ठाऊक होती."

"जागा माझ्या कुत्र्यालाही ठाऊक आहे." तो उठला, कपाटातून टोपी काढली, उलटी करून दाखवली. बुटांचं फडताळ उघडून दाखवलं. "बघ. झडती घे. तुझ्या बापजाद्यांनी घेतली नाही एवढी घे. दोन वर्षं तुझी लाल माती झाडतोय मी. माझी बायको विचारते, कचेरीत एवढं काय झाडतोस? तिला काय सांगतो, माहितीये? वाळवी."

डॉयलला थोडी लाज वाटली. पण थोडीच. "मग कुणी घेतला?"

"आधी बस. उभ्याने माझं डोकं चालत नाही." दोघं बसले. हर्शेलने त्याला खालपासून वर न्याहाळलं. "जाड झालायस तू."

"कुठे?"

"पट्ट्याचं भोक बदललंय. काय खातोस?"

"काही नाही रे. सकाळची बिस्किटं." बिस्किटं म्हणजे आमच्याकडची, ओव्हनमधून फुगून येणारी, आत लोणी विरघळणारी. "आठवडाभर रोज बिस्किटं करतेय ओनीटा. वर सॉसेजचा रस्सा."

"रोज?"

"रोज."

"एरवी?"

"एरवी रविवारीच. इतर दिवशी मक्याची भाकर. त्या डब्यातून ते धूड बाहेर काढा, पुसा, परत पुरा, त्याचा तिला कंटाळा. म्हणते, तुझ्या लोखंडापायी माझा मैदा..."

डॉयल थांबला.

 हर्शेलने एक सोंगटी उचलली, टेबलावर अलगद मांडली. "तुझी पाळी," तो म्हणाला.

गावभर दवंडी आणि पोर मांडीवर. पण डॉयलला परतीच्या वाटेवर त्याहून वाईट वाटत होतं. चोर परका असला की रागावता येतं. पुलाच्या मध्यावर त्याने गाडी हळू केली आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, की आपल्या घराच्या झाडून सगळ्या खिडक्यांवर आपण पाळत ठेवली, पण आतल्या माणसावर ठेवायची राहून गेली.

ओनीटा स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पुढ्यात एक बशी. बशीत वाळलेल्या चिखलाचा काळा गोळा.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"चिखल."

"कुठला?"

डॉयलने टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

"आपल्याकडची माती कसली?"

"लाल."

"आणि ही?"

"ओनीटा..."

"तुझ्या गाडीच्या चाकावरच्या पत्र्याखालून खरवडलाय. सुरीने. दर शुक्रवारी सकाळी खरवडते. आधी वाटलं, बाई आहे. मग म्हटलं, याला कोण विचारतंय? मग ब्रॅनमचा ठराव आला." तिने बशी एक बोट पुढे सरकवली. "मग मी शिक्का हलवला."

"माझ्यापासून?"

"तुझ्यापासून. आणि मंगळवारी डब्यात हात घातलास तेव्हा मी पाठमोरी उभी राहून वाट बघत होते. म्हटलं, आता ओरडेल, मला सांगेल, म्हणजे माणूस स्वच्छ आहे. तू काय म्हणालास? मैदा कोरडा आहे."

"तुला धक्का बसेल म्हणून!"

"आणि आज कुठे गेलास? सरळ पुलावर. गिऱ्हाइकाला सांगायला, की माल हातून गेला."

"डॉमिनो खेळतो मी तिथे. हर्शेलबरोबर."

"खोटं बोलायचं तर धड तरी बोल. म्हातारपणी बाई ठेवलीय म्हण, मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करीन."

"त्या खुर्चीवर बसतो, ओनीटा. आपल्या खुर्चीवर."

 भिंतीवरच्या तिच्या वडिलांच्या फोटोकडे तिने बघितलं नाही, पण न बघण्यासाठी तिला मान वळवावी लागली. मग म्हणाली, "कशी आहे?"

"डावा हात हलतो जरा. बसकण झिजलीय. पण पाठ ताठ आहे."

"बाबा सांगायचे, पाठ ताठ आहे म्हणून." ती उठली, मक्याच्या पिठाचा डबा काढला, आणि त्यातून शिक्का वर आला. पिवळा. तिने तो फडक्याने पुसला, पण डॉयलच्या हातात दिला नाही. "उद्या मी आणते कचेरीत," ती म्हणाली. "तू चावी घेऊन पुढे हो."

शुक्रवारी तिने तो आणला, वानेलने कागद दाबले, आणि शिक्का पुन्हा ओनीटाच्या पिशवीत जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. वानेलने कागद उचलला, डोळे बारीक केले. "हे पिवळं काय?"

"ऊन पडलंय," डॉयल म्हणाला.

सोमवारी सभा डेल्फॉसच्या कचेरीत भरली, कारण पाळी त्यांची होती. माणसं भिंतीला टेकून उभी. उत्तरेचे एका बाजूला, दक्षिणेचे दुसऱ्या, मधे जायला वाट. ज्यूरीचं बोलावणं ब्रॅनमपुढे ठेवलं गेलं. वेळेवर, शिक्क्यानिशी. उत्तरेकडे एकदोघांनी टाळी वाजवायला हात उचललेसुद्धा.

ब्रॅनमने पॅन्ट दोनदा वर ओढली. कागद उचलला आणि सवयीने झटकला. टेबलावर काहीतरी पडलं. त्याने बोट टेकवलं, बोट उजेडात धरलं.

"मैदा कुठाय?"

त्याने ते बोट सगळ्या सभेला फिरवून दाखवलं.

"जन्मापासून उत्तरेचे कागद झटकतोय मी," ब्रॅनम म्हणाला. "माझ्या बापाच्या जमिनीचा कागद झटकला, माझ्या लग्नाचा झटकला. पांढरा मैदा पडतो. हे काय पडलंय? मक्याचं पीठ! हा शिक्का त्या डब्यातला नाहीच. खरा शिक्का यांनी कधीच हरवलाय, हा मिझुरीतून पाडून आणलेला दिसतो. बनावट!"

एकच गलका झाला. खालचे ओरडले "बनावट", वरचे ओरडले "चोर", आणि कुठल्यातरी कोपऱ्यातून पाद्रीबुवा म्हणाले, "बंधूंनो", ते कुणी ऐकलं नाही. वानेल उठली. "शिक्का तोच आहे! अक्षरं बघा, कंगोरे बघा!"

"अक्षरं कुणीही पाडेल. मैदा कुठून आणाल?"

आणि गंमत अशी, की उत्तरेकडच्या लोकांचे चेहरेही बदलले. तेही आपापसांत कुजबुजू लागले. मक्याचं पीठ? का बरं? डॉयलच्या डब्यात मक्याचं पीठ कसं? दाराशी उभ्या डॉयलकडे माना वळल्या, आधी खालच्यांच्या, मग वरच्यांच्या. आयुष्यभर ज्या नजरेने त्याने दुसऱ्यांकडे बघितलं होतं, ती नजर कशी असते ते त्याला तेव्हा कळलं. 

खरं सांगितलं तर कचेरी वाचेल, पण मार्लोत पाय ठेवायला जागा राहणार नाही. पुलापलीकडे जाऊन डॉमिनो खेळणारा बेलीफ! नाही सांगितलं तर कुलूप. समोरच्या भिंतीशी हर्शेल उभा होता, आपल्या बुटांकडे बघत. तो बोलला तर त्याचीही गल्ली उघडी पडणार होती.

डॉयलने टोपी काढली. "शिक्का खरा आहे," तो म्हणाला. "जागा बदलली होती. मैद्यातून मक्यात."

"कुणी बदलली?" ब्रॅनम.

"ते... घरातच."

"का बदलली?"

"कारण..." डॉयलने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "कारण मी गुरुवारी पुलावरून इकडे येतो. डॉमिनो खेळायला. दोन वर्षं झाली."

उत्तरेच्या बाजूने एक उसासा आला, मयताच्या घरी येतो तसा.

"माझ्याबरोबर," हर्शेल बुटांना म्हणाला. दक्षिणेच्या बाजूनेही उसासा आला.

"यात मक्याचा काय संबंध?" ब्रॅनम ओरडला.

"मी लपवला!" मागून ओनीटा उभी राहिली. डोक्यावर चर्चची टोपी, हातात पिशवी, आणि पिशवी ज्या पद्धतीने लोंबत होती त्यावरून आत काय आहे ते आंधळ्यालाही दिसावं. "मी लपवला, याच्यापासून. गाडीला काळी माती लागली होती. म्हटलं, नवरा फितूर झाला. क्लेटस ब्रॅनम, तुझी बायको तुझ्या चाकाखालचं खरवडून बघत नसेल, तर तो तिचा भोळेपणा."

आधी कुणीतरी हसलं. कोण, ते दोन्ही बाजू अजून नाकारतात. मग भिंत हलावी तसं सगळं दालन हसायला लागलं. डॉयल हसला नाही. त्याला वाटलं, संपलं. ब्रॅनम हसू ओसरायची वाट बघत होता, आणि ओसरल्याबरोबर त्याने हात पसरले. "बघा! अशा लोकांच्या हाती कचेरी? यांचा घरात एकमेकांवर भरवसा नाही!"

तेव्हा मिस लुएला बोलली. लुएला दक्षिणेची सर्वांत जुनी पंच, भातवाल्यांच्या घराण्यातली विधवा, आदराने सगळ्यांची मिस, सभेत बहुतेक विणकाम करत बसे. तिने सुया खाली ठेवल्या.

"क्लेटस, तेच मी म्हणतेय," ती म्हणाली. "एका छपराखाली जन्म काढलेल्या नवराबायकोचा एका डब्यावर भरवसा नाही. आणि तू दोन्ही काठांना एका कचेरीत कोंबणार? पहिल्या रविवारी कपाटं पळतील. मला या वयात तराफ्यावर बसायचं नाही. दोन आहेत तेच बरं आहे." आणि तिने सुया उचलल्या.

नदीकाठच्या पंचाने खिडकीबाहेर बघितलं. उत्तरेची वाट त्या दिवशी कोरडी होती. तीन मतांनी ठराव पडला.

मार्लोत डॉयलला मिठाई कुणी दिली नाही. आठवडाभर लोक त्याच्याशी बोलण्याआधी त्याच्या चाकांकडे बघत. चर्चच्या पायरीवर उलटं बसायची पाळी त्याच्याकडून काढून घेतली. पण मग एकेक जण, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्याच्याजवळ येऊन हळूच विचारू लागला, "खुर्ची कशी आहे रे?" आणि डॉयल प्रत्येकाला सांगे, "डावा हात हलतो. पाठ ताठ आहे."

पुढच्या गुरुवारी तो गाडीत बसला तर शेजारचं दार उघडलं आणि ओनीटा आत आली.

"कुठे?"

"खुर्ची बघायला." तिने पिशवी मांडीवर घेतली. रिकामी होती. डॉयलने ते बघितलं, आणि त्याने ते बघितलं हे तिने बघितलं.

तेव्हापासून उत्तरेच्या कागदांतून काय पडेल ते सांगता येत नाही. मे महिन्यात कॉफी पडली. एका लग्नाच्या परवान्यातून चक्क तांदूळ पडले आणि पाहुण्यांना वाटलं, मुद्दाम घातलेत. वानेलने विचारणं सोडून दिलंय. ब्रॅनम म्हणतो, बनावटच आहे, पण झटकतो अजून.

डॉयलला शिक्का कुठे असतो ते ठाऊक नाही. मंगळवारी सकाळी तो टेबलावर आयताच असतो, पुसलेला. परवा रविवारी, ओनीटा अंगणात कपडे वाळत घालत होती तेव्हा, त्याने आवाज न करता फडताळ उघडलं आणि साखरेच्या डब्याचं झाकण उचललं.

"त्यात नाही," अंगणातून ती म्हणाली.